नांग्या भरणारी पलटण

रोपं लावून झाली की पंधरा-वीस दिवसांनी डोंगरावर पुन्हा फेरी मारायची. जे वाळलं ते उपटायचं आणि त्याच खड्ड्यात त्याच जातीचं, त्याच उंचीचं दुसरं रोप लावायचं. शेतकरी याला नांग्या भरणं म्हणतात. ते कपाशीत भरतात, मिरचीत भरतात. आम्ही डोंगरावर भरायचो, आणि अंगात वर्दी घालून भरायचो.

वर्दी म्हटलं की लोकांना हसू येतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी सतरा वर्षं पायदळात काढली, हवालदार होऊन पेन्शनीवर आलो आणि छावणीजवळच्या आमच्या घरात बसून बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसायला लागलो. चौथ्या महिन्यात तिनंच प्रादेशिक सेनेच्या भरतीची जाहिरात माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, जा बाबा कुठंतरी. प्रादेशिक सेना म्हणजे फौजेचा राखीव हात. तिच्यातली बरीच माणसं एरवी आपापला कामधंदा करतात, वर्षातून काही दिवस कवायतीला येतात आणि बोलावणं आलं की निघतात. तिच्यातच माजी सैनिकांच्या काही पलटणी झाडं लावण्यासाठी आहेत. बोडका डोंगर घ्यायचा, चर खणायचे, पाणी अडवायचं, रोपं लावायची आणि चार-पाच उन्हाळे जगवून दाखवायची. आमचे शत्रू दोन, ऊन आणि शेळ्या. त्यातल्या त्यात ऊन परवडलं, कारण उन्हाला मालक नसतो आणि ते भांडायला येत नाही.

माझा मेव्हणा कन्नड तालुक्यातला. त्याला फार मजा वाटायची. दाजींनी बंदूक सोडून खुरपं धरलं, असं तो चारचौघांत सांगायचा. मी शीघ्रकोपी माणूस. एकदा त्याला म्हटलं, एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता माझ्याबरोबर पाइप घेऊन डोंगर चढ, मग खुरप्यावर बोल. तो आला नाही, आणि बोलायचाही थांबला नाही.

आमचा मुलगा मात्र फौजेच्या अगदी दुसऱ्या टोकाला. एकुलता एक. आधी माझ्यासारखाच पायदळात लागला, मग स्वतःहून विशेष दलासाठी नाव दिलं. तिथं नाव देणारे पुष्कळ आणि टिकणारे मोजके. तीन महिने त्यांना झोप नाही, धड खाणं नाही, पाठीवर ओझं आणि पायाखाली वाट. तो टिकला. विशेष दलाची मरून रंगाची टोपी घालून सुट्टीवर आला तेव्हा इतका वाळला होता की आईनं आधी टोपीकडं बघितलंच नाही, गालफडांकडं बघितलं. त्यांचं काम थोडक्यात असं, की चार-सहा जणांनी गुपचूप जायचं, नेमून दिलेलं करायचं आणि परत यायचं. कुठं, कधी, कुणाबरोबर, हे घरी सांगायचं नाही. आम्ही पायदळात शेकड्यांनी असायचो. यांच्यात एक कमी झाला तर लगेच दिसतो.

त्यांच्यात जोड्या असतात. दोघांनी एकमेकांची पाठ राखायची, एकमेकांचं सामान माहीत असायचं, घरचा पत्ता माहीत असायचा. त्याचा जोडीदार वरच्या पहाडातला, लाजरा पोरगा. दोघांना एकदमच सुट्टी मिळाली तेव्हा गावी जाता जाता तो दोन दिवस आमच्याकडं उतरला. हिनं भाकरी आणि ठेचा वाढला. पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी म्हणाला, माताजी, और दीजिए. तेव्हापासून ही त्याला धाकटाच म्हणायची.

आमच्या पलटणीत एक रीत पडून गेली होती. कुणाचा पोरगा फौजेत असला की तो सुट्टीवर आला म्हणजे त्याच्या हातून दारात एक झाड लावून घ्यायचं. आम्ही झाडंवाले, दुसरं काय देणार. ते दोघं आले त्याच पावसाळ्यात मी मुलासाठी कडुनिंबाचं रोप आणलं. दाराजवळचा मुरूम म्हणजे दगडच. मुलानं टिकाव उचलला तर जोडीदारानं तो हिसकावून घेतला आणि एकट्यानं अडीच फूट खड्डा खणला. मुलानं रोप लावलं, हिनं तांब्याभर पाणी घातलं. ते गेल्यावर ही रोज सकाळी आधी त्या झाडाला पाणी घालायची आणि मग मला चहा. मी तक्रार केली नाही. करून उपयोग नव्हता.

पुढच्या फाल्गुनात हिची आई आजारी पडली आणि ही बारा दिवस कन्नडला गेली. जाताना चार वेळा बजावलं, झाडाला पाणी घाला. मी म्हटलं, अगं, मी अख्खा डोंगर जगवतो, तू मला एका झाडाचं सांगतेस? आणि नेमकं तेच विसरलो. डोंगरावर टँकर यायचे, दिवसभर आम्ही पाइप ओढायचो, घरी आलो की हातपाय धुऊन आडवा. पाणी म्हटलं की माझ्या डोक्यात डोंगरच. दहाव्या दिवशी चपला घालताना सहज नजर गेली, तर झाड उभ्याउभी वाळलेलं. फांदी वाकवली तर कट्‌कन मोडली. सालीला नख लावलं तर आत हिरवं काही नाही. सरकारची हजारो झाडं जगवणाऱ्यानं पोराचं एक झाड मारलं होतं.

खरं तर तिला सांगायला हवं होतं. ती चिडली असती, दोन दिवस अबोला धरला असता, संपलं असतं. पण मी कामावर जे करायचो तेच घरी केलं. त्याच दिवशी आमच्या रोपवाटिकेत गेलो. तिथं पैठणचा माझा जुना दोस्त काम बघायचा, फौजेत माझ्याबरोबर नायकाच्या हुद्द्यावर होता. त्याच्याकडून त्याच उंचीचं रोप घेतलं. ओळ त्यानं दाखवली, रोप मीच उचललं, घाईघाईत. वाळलेलं उपटलं, त्याच खड्ड्यात नवं लावलं, आळं पहिल्यासारखं गोल केलं आणि जुन्याला बांधलेली तांबडी चिंधीसुद्धा याला बांधली. ही परत आली, पिशवी खाली ठेवली, झाडाजवळ गेली, पाणी घातलं आणि काही बोलली नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग पाडवा आला. गुढीला कडुनिंबाचा डहाळा लागतो. मी सकाळी म्हटलं, यंदा दारातलाच घे, पोराच्या झाडाचा. ती म्हणाली, लहान आहे ते, ओरबाडू नका. आणि गल्लीच्या टोकाच्या मोठ्या झाडाचा डहाळा घेऊन आली. मला ते बरंच वाटलं, किती जपते म्हणून. माझ्यासारखा शहाणा मीच.

पाडव्यानंतर महिन्याभरात सीमेवरचं वातावरण तापलं. टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा. क्रांती चौकात लोक चहा पिता पिता लढाया जिंकायला लागले. आणि मुलाचा फोन बंद झाला.

पहिले चार दिवस मी हिला समजावलं. फोन जमा करून घेतात, असं असतंच, मी नाही का महिना महिना गप्प असायचो. ती मान डोलवायची. पाचव्या दिवशी मी स्वतःला समजावायला लागलो. सातव्या दिवशी जमेनासं झालं. सामान्य बापाला काय, तो घाबरतो आणि देवाला नारळ बोलतो. मला मात्र सगळं माहीत होतं. काही झालं तर आधी काय होतं, कोण कुणाला कळवतं, दाराशी कोणती गाडी येते, उतरणारे आधी टोपी नीट करतात, हे सगळं माहीत. कारण दुसऱ्यांच्या दारी तसली बातमी घेऊन दोनदा त्या गाडीतून मी उतरलो होतो. गल्लीत गाडीचा आवाज आला की मी खिडकीशी जायचो. भाजीवाल्याचा टेम्पो असायचा.

आणि रोज सकाळी ही त्या झाडाला पाणी घालायची. नुसतं घालायची नाही, हात फिरवायची, खालची पिवळी पानं काढायची. झाड जोमानं वाढत होतं. मला वाटायचं, हिचा सगळा जीव त्या झाडात आहे. ते हिरवं आहे तोवर पोरगा बरा आहे, असं हिनं धरलंय. आणि झाड तर खोटं आहे. खरं मी उपटून कचऱ्यात टाकलंय. मी शिकलेला माणूस, फौजेतला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी दारातून जाता-येता त्या झाडाकडं बघायचं टाळायचो. लई वाईट दिवस होते ते.

शेवटी पैठणच्या दोस्ताला सांगितलं. आम्ही रोपांच्या पिशव्या भरत होतो. तो हातातली माती झटकून म्हणाला, अरे भाई, बोल दे ना भाभी को, झाड सूख गया, कोई कत्ल थोडी किया. मी त्याच्यावर उखडलो. तुझा पोरगा दुकानात बसतो, तुला काय कळणार, असं नको ते बोलून गेलो. तो पुढची पिशवी भरायला लागला. दुपारी डबा उघडला तेव्हा मात्र नेहमीसारखी अर्धी पोळी माझ्या डब्यात टाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकराव्या दिवशी सकाळच्या हजेरीला साहेबांनी सांगितलं, सगळ्यांच्या सुट्ट्या बंद, सामान बांधून ठेवा, गरज पडली तर पहाऱ्याची कामं आपल्याकडं येतील. राखीव दलाचं कामच ते. पुढची फौज सीमेवर सरकली की मागं पूल, गोदामं, धरणं सांभाळायला माणूस लागतो, म्हणजे पुन्हा नांग्या भरणंच. पन्नाशीच्या आसपासची आम्ही माणसं, कुणाला गुडघेदुखी, कुणाला साखर, पण त्या दिवशी सगळे ताठ उभे राहिलो. मला मात्र घरी जाताना एकच गोष्ट सुचत होती. उद्या मलाही निघावं लागलं तर ही एकटी त्या खोट्या झाडाला पाणी घालत बसेल.

ती भाजी निवडत होती. मी ट्रंक काढली, धूळ पुसली, ती बघत राहिली. मग तिच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं. झाड वाळलं, मी विसरलो, मी उपटलं, दुसरं लावलं. सांगताना माझा आवाज असा निघत होता, जसं काही मी पोरालाच काहीतरी केलंय.

तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं. तुम्ही लावलं ते कडुनिंब नाय, बकाण हाय."

मी उठून बाहेर गेलो. कडुनिंबाच्या काडीला दोन्ही बाजूंना साधी पानं असतात. बकाणाच्या काडीला पुन्हा छोट्या काड्या फुटतात आणि मग त्यांना पानं येतात. लांबून दोन्ही सारखीच, पण कन्नडच्या शेतात वाढलेल्या बाईला ते लांबूनही दिसतं. रोपवाटिकेत दोघांच्या ओळी शेजारीशेजारी होत्या आणि हजारो झाडं लावलेल्या हवालदारानं घाईत चुकीच्या ओळीतलं उचललं होतं. म्हणून तर पाडव्याला तिनं डहाळा घेतला नव्हता. मी परत आत आलो आणि विचारलं, मग रोज पाणी कशाला घालत होतीस?

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "ते बी वाळलं असतं तर तुम्ही हाय खाल्ली असती. तुमचंच मन त्या झाडात अडकलंय, माझं नाय."

ती पुन्हा मेथी निवडायला लागली. जरा वेळानं खाली बघूनच म्हणाली, "झाडाची नांगी भरली तुम्ही. लेकाची कशी भरायची, ते सांगा."

मग आम्ही दोघंही रडलो. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं मला रडताना पहिल्यांदा बघितलं. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि ट्रंकेत माझे लोकरी मोजे टाकले, वैशाखात. मी ते काढले नाहीत.

आम्हाला निघावं लागलं नाही. आम्ही डोंगरावरच राहिलो. पंधराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी वरच्या टप्प्यावर पाइप धरून होतो. कामावर असताना फोन खाली शेडमध्ये ठेवायचा नियम होता. सहज खाली बघितलं तर रस्त्यावर एक रिक्षा थांबली आणि हिरव्या साडीतली बाई उतरली. चाल ओळखीची होती.

घरचं माणूस डोंगरावर कधी येत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत ती एकदाही आली नव्हती. माझ्या हातातला पाइप सुटला, पाणी उतारावरून वाहायला लागलं, आणि मला खाली उतरता येईना. पैठणचा दोस्त शेजारून आला, त्यानं पाइप उचलला नाही, माझा दंड धरला. ती चढत होती. मध्ये थांबायची, कमरेवर हात ठेवायची, पुन्हा चढायची. तिचा चेहरा दिसेपर्यंत मी मनात त्या पोराचा पाळण्यापासूनचा सगळा जन्म बघून घेतला. तिला एकटीला कळवलं असेल का, ती एकटी दारात उभी असेल का, हेच डोक्यात.

ती वर पोचली, धापा टाकत होती, आणि पहिलं वाक्य काय, तर, "फोन कुठं मेलाय तुमचा? सकाळधरनं वीस वेळा लावला."

ती एका दगडावर बसली आणि म्हणाली, "बोलला तो. मिनिटभर बोलला. बरा हाय."

दोस्तानं माझा दंड सोडला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मी तिथंच मातीत बसलो. हसायला येत होतं आणि हसता येत नव्हतं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी विचारलं, काय झालं.

"धाकटा गेला," ती म्हणाली.

वर आम्ही तिघंच होतो आणि पाण्याचा आवाज. मला पहिली भावना काय झाली ते लिहितो, कारण ते लपवून हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, आपला नाही. मग लगेच त्या पोराचे ठेच्यानं भरलेले डोळे आठवले आणि स्वतःची शिसारी आली. त्याचाही बाप कुठंतरी असाच बसला असेल. त्याच्या दारात मात्र ती गाडी आली होती.

मुलगा दसऱ्याच्या आधी सुट्टीवर आला. बकाण भराभर वाढतं. तोवर ते त्याच्या डोक्याच्या वर गेलं होतं. पाठीवरची बॅग न उतरवताच तो झाडाजवळ उभा राहिला. ही दारातूनच म्हणाली, हे तुझं नाय, तुझं वाळलं, तुझ्या बापानं दुसरं लावलं. तिला असल्या गोष्टी गोड करून सांगता येत नाहीत. मी ओशाळून जमिनीकडं बघत होतो. म्हटलं, आता रोपवाटिकेतनं नीट बघून आणतो, तुझ्या हातानं पुन्हा लावू.

तो म्हणाला, "नको बाबा. खड्डा त्यानं खणलाय. हे त्याचं."

संध्याकाळी आम्ही बाहेर खुर्च्या टाकून बसलो. तो त्या दिवसांबद्दल काही बोलला नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच म्हणाला, की धाकट्याच्या जागी नवीन पोरगा दिलाय. नाशिककडचा आहे, हुशार आहे, सामान नीट ठेवतो. मग म्हणाला, दोन महिने झाले, कामापुरतं सोडून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. त्याचा चेहरा समोर आला की राग येतो.

आयुष्यभर मला वेळेवर शब्द सुचलेले नाहीत, चिडायला तेवढे सुचतात. पण हा विषय माझा होता. मी डोंगरावर किती वाळलेली झाडं उपटली आणि त्या खड्ड्यात किती नवी लावली, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. नवं रोप आधीच बिचकलेलं असतं. त्याला माहीत नसतं की आपल्या आधी इथं कोण होतं.

मी म्हटलं, "बोल त्याच्याशी. नांगीत भरलेल्या रोपाचा काय गुन्हा?"

त्यानं एकदा झाडाकडं बघितलं. मग उठला, फोन काढला आणि झाडाच्या आळ्यापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. पलीकडून कुणीतरी घाईनं फोन उचलला असावा. मुलानं अगदी आपल्या आईच्या सुरात विचारलं, "जेवलास का रे?"